न गोठण्याचा बंदोबस्त

उत्तम लागलेल्या दह्याचे भांडे थोडे कलते केले तरी दही जागचे हलत नाही, आणि त्यात पळी घातली म्हणजे स्वच्छ कडांची कवडी निघते. हा अनुभव इतका नित्याचा आहे, की आदल्या रात्री जो पदार्थ ओतता येत होता तो सकाळी कापता येतो, याचे कोणाला नवल म्हणून वाटत नाही. परंतु त्या कवडीतील द्रव्यांचा ताळेबंद मांडून पाहिला, तर हिशेब कोठेतरी चुकत असल्याचा भास होतो. गाईच्या दुधात वजनाच्या शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणी असते. दही लागताना ते पाणी उडून गेलेले नसते, बासुंदीतल्याप्रमाणे आटलेले नसते, आणि बर्फातल्याप्रमाणे स्वतः घनरूपही झालेले नसते. ते काल जसे होते तसेच, सर्वार्थाने पाणीच, आजही असते. म्हणजे ज्या पदार्थाला आपण निःशंकपणे घट्ट म्हणतो त्याचा जवळजवळ सात-अष्टमांश हिस्सा द्रवच असतो. आणि त्या घट्टपणाची जबाबदारी दुधातील साखरेवर नसते, स्निग्धांशावर नसते की क्षारांवर नसते, तर शंभरांत जेमतेम पावणेतीन भाग भरणाऱ्या केसीन नावाच्या प्रथिनाने ती मुख्यत्वे आपल्या शिरावर घेतलेली असते.

पाणी पाणीच राहिले आहे, याचा पुरावा दही स्वतःच देते. कवडी काढलेल्या जागी थोड्या वेळाने हिरवट पिवळी निवळी साठू लागते. तेच दही फडक्यात बांधून खुंटीला टांगले, की रात्रभर थेंब थेंब गळून खालच्या पातेल्यात पाणी जमते आणि फडक्यात श्रीखंडाजोगा चक्का उरतो. पाणी खरोखर घन झाले असते, तर ते असे बिनबोभाट चालते झाले नसते. ते केसीनच्या जाळीत कैद होते. जाळी फाटताच, किंवा तिच्यावर भार पडून ती आवळताच, निसटले.

अशा पदार्थांचा पद्धतशीर विचार प्रथम केला तो ग्लासगोत जन्मलेल्या टॉमस ग्रॅहॅम या रसायनवेत्त्याने. लंडनच्या सरकारी टांकसाळीचा तो मुख्याधिकारी होता. हे पद त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी न्यूटननेही भूषविले होते, आणि नाणी पाडण्याच्या कचेरीला विज्ञानाशी असे सोयरसंबंध जुळवता आले ही त्या राज्यकारभारातली एक प्रसन्न विसंगती म्हटली पाहिजे. १८६१ साली ग्रॅहॅमने असे दाखवून दिले, की मीठ-साखरेसारखे पदार्थ पाण्यात विरघळले म्हणजे चर्मपत्राच्या पडद्यातून पार जातात, परंतु सरस, डिंक किंवा अंड्यातील पांढरा बलक पाण्यात पसरूनही पडद्याच्या अलीकडेच राहतात. या दुसऱ्या वर्गाला आपल्या शास्त्रीय ग्रंथांत कलिल म्हणतात. त्यांचे कण साध्या रेणूंच्या मानाने अवाढव्य, पण तळाशी बसण्याइतके जड नव्हेत. ते पाण्यात अधांतरी फिरत राहतात, आणि प्रसंग आला तर परस्परांचे हात धरून भांड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड जाळी उभी करतात. ग्रॅहॅमच्या वर्गीकरणात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. त्याचा मूळ विचार मात्र टिकला.

पण मला या प्रकरणात अधिक विलक्षण वाटते ती गोष्ट निराळी आहे. ज्या द्रव्यांच्या अंगी अशी जाळी विणण्याची पात्रता आहे, ती द्रव्ये दुधात आणि रक्तात अष्टौप्रहर हजर असतात. मग दूध कासेतच घट्ट का होत नाही, आणि रक्त धमन्यांतच साखळून का जात नाही? गोठण्याचे कारण शोधीत आपण जसजसे खोल जातो तसतसे ध्यानात येते, की गोठणे हे बाहेरून आणलेले काही नवे कर्तृत्व नव्हे. न गोठण्याचा जो कडेकोट बंदोबस्त सदैव चालू असतो तो कोणीतरी उठविला, की द्रव आपल्या मूळ प्रवृत्तीवर जातो. विरजणाचे जिवाणू असोत, वासराच्या जठरातील पाचकरस असो वा घोणसाचे विष असो, या सर्वांचे काम पहाऱ्याला हात घालण्याचे आहे.

दुधातला पहारा कसा असतो ते पाहू. दुधातील केसीन सुटे नसते. त्याचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटाच्या साह्याने एकत्र येऊन गोलाकार पुंज बनतात, आणि मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या एक-दोन भागांएवढा एकेका पुंजाचा व्यास भरतो. दुधाचा शुभ्रपणा हा या पुंजांनी आणि स्निग्धकणांनी विखुरलेल्या प्रकाशाचाच परिणाम होय. पुंजाच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीन या जातीच्या रेणूंची वस्ती असते, आणि त्यांची शेपटे आसपासच्या पाण्यात बाहेर आलेली असून त्यांच्यावर ऋण विद्युद्भार असतो. समान भार परस्परांना दूर सारतात. शिवाय दोन पुंज जवळ आलेच तर त्यांची शेपटे एकमेकांत अडखळतात. परिणामी एका थेंबात असंख्य पुंज दाटीवाटीने वावरत असूनही कोणी कोणाला चिकटत नाही, आणि दूध ओतता येण्याजोगे राहते.

विरजण लावताना चमचाभर दह्याबरोबर आपण कोट्यवधी जिवाणू दुधात सोडतो. त्यांचे भक्ष्य म्हणजे दुधातील शर्करा. ती खाऊन ते दुग्धाम्ल बाहेर टाकतात. प्रथिनाशी त्यांना विशेष कर्तव्य नसते, आणि दही लावण्याचा त्यांचा मुळीच हेतू नसतो. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, आम्ल वाढत जाते तसा तो उतरतो, पुंजांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते, शेपटांवरचा ऋण भार मावळत जातो, आणि पीएच ४.६ च्या जवळ आला म्हणजे केसीनवरील धन आणि ऋण भारांची वजाबाकी शून्य होऊन एकमेकांना दूर लोटण्याचे काही कारणच उरत नाही. पुंजाला पुंज चिकटतो, त्याला तिसरा, आणि साखळ्यांना फाटे फुटून सारे भांडे आतून विणले जाते.

हे सावकाश घडले पाहिजे, ही यातली खरी मेख. उकळत्या दुधात लिंबू पिळले तरी भार नाहीसा होतोच. पण तो क्षणार्धात आणि ठिकठिकाणी नाहीसा झाल्याने पुंज सापडेल त्याला बिलगून चोथ्याच्या गाठी होतात, आणि पाणी वेगळे पडते. आपण त्याला दूध नासले म्हणतो, किंवा हेतुपूर्वक केले असल्यास पनीर म्हणतो. तेच काम जिवाणू सहा-आठ तासांत अतिशय सौम्यपणे आणि सर्व भांडेभर एकाच वेळी करतात, म्हणून गाठींऐवजी जाळी मिळते. दही लागत असताना भांडे हलवू नये, हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचा दंडक या दृष्टीने अक्षरशः शास्त्रशुद्ध आहे. कारण अर्धवट विणलेली जाळी एकदा तुटली म्हणजे तिची टोके पुन्हा पूर्वीसारखी जुळत नाहीत, आणि दह्याला पाणी सुटते.

दूध आधी चांगले उकळून मग कोमट करण्याचा शिरस्ताही असाच अर्थपूर्ण आहे. उकळण्याने परके जिवाणू मरतात हे सर्वांस ठाऊक असते, पण तेवढेच घडत नाही. केसीनखेरीज दुधात निवळीतील म्हणून ओळखली जाणारी प्रथिने असतात; एरवी ती दह्याच्या जाळीत भाग न घेता पाण्याबरोबर निघून जातात. ८५-९० अंश उष्णतेला त्यांच्या रेणूंच्या घड्या उलगडतात आणि ती केसीनच्या पुंजांना जाऊन जोडली जातात. त्यामुळे जाळीचे धागे अधिक भरीव होतात आणि पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद वाढते. न तापविलेल्या दुधाचे दही लिबलिबीत होते ते यामुळे. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही गाईच्या दुधाहून अधिक. तेव्हा त्याचे दही अधिक घट्ट लागावे यात नवल नाही. मातीच्या मडक्याची थोरवी मात्र रसायनाची नसून साध्या झिरपण्याची आहे: सच्छिद्र भिंती थोडे पाणी शोषून घेतात, आणि ते बाहेरून उडून जाताना लागलेले दही गार राहून फार आंबट होत नाही.

जाळीचे धागे कशाचे, आणि ते कोणत्या बंधाने जोडलेले, यावर घट्ट झालेला पदार्थ पुन्हा पातळ होऊ शकेल की नाही हे ठरते. व्यालेल्या गाईच्या पहिल्या चिकात रोगप्रतिकारक प्रथिनांचा साठा इतका विपुल असतो, की तो नुसता वाफवला तरी वडी पडते. प्रथिनांच्या घड्या उष्णतेने उलगडतात आणि उलगडलेले धागे परस्परांत कायमचे गुंततात. खरवस गार केल्याने त्याचा पुन्हा चीक होत नाही, आणि उकडलेले अंडे कच्चे होत नाही. दिवसागणिक ही प्रथिने झपाट्याने कमी होतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस मऊ होतो, आणि पहिल्या चिकात मात्र साधे दूध मिसळावे लागते. उलट थिजलेले तूप उन्हात ठेवले की वितळते. त्यातही जाळी असतेच, पण ती स्निग्धाच्या स्फटिकांची, आणि तिच्यात अडकलेले असते ते पाणी नव्हे तर न थिजलेले पातळ तेल. तूप सावकाश निवले तर स्फटिक मोठे होऊन ते रवाळ होते.

परत पातळ होऊ शकणाऱ्या जाळ्यांत चायना ग्रासची जाळी सर्वांत तऱ्हेवाईक म्हटली पाहिजे. तांबड्या समुद्रशैवलांतून निघणारे हे द्रव्य पाण्याच्या शंभर भागांत दीड भाग असले तरी कापता येण्याजोगी वडी पडते. म्हणजे दह्यातील केसीनच्या जवळजवळ निम्म्या खर्चात काम भागते. त्याची वडी वितळायला सुमारे ८५ अंश उष्णता लागते, परंतु एकदा वितळलेला द्रव ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आल्याशिवाय पुन्हा घट्ट होत नाही. वितळण्याच्या आणि गोठण्याच्या उष्णतामानांत एवढे अंतर राखणारा पदार्थ स्वयंपाकघरात दुसरा सहसा आढळायचा नाही, आणि या अंतरानेच वैद्यकाच्या इतिहासाला हातभार लावला. १८८१ च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरले जात असे. पण माणसाच्या शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांना, जिलेटिन वितळते, आणि कित्येक जिवाणू तर ते खाऊनच पातळ करतात. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे आपल्या घरी जेली करताना समुद्रशैवलाचे हेच द्रव्य वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच परिचितांकडून ही युक्ती त्यांच्या घराण्यात आली होती. उन्हाळ्यात तुझी जेली का वितळत नाही, या पतीच्या प्रश्नातून पुढे सारे घडले. क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर करणाऱ्या १८८२ च्या निबंधात कॉखने या नव्या माध्यमाचा ओझरता उल्लेख केला. हेसे दांपत्याचे नाव घेतले नाही. आजही जगातील प्रयोगशाळांतल्या काचेच्या बश्यांत त्या गृहिणीची जेली ओतली जाते, आणि तिच्या नावाचे कोणाला स्मरण नसते. शास्त्राच्या दप्तरात स्वयंपाकघराची नोंद होण्याचा शिरस्ता नाही, हेच खरे.

आता दुधाकडे परत येऊ, कारण त्याच्या पहाऱ्याला हात घालण्याची एक दुसरी रीत आहे आणि तीच आपल्याला रक्तापर्यंत नेणारी आहे. दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरात कायमोसिन नावाचे विकर असते. आम्लाला जे काम साऱ्या भांड्याचा पीएच पालटून करावे लागते, ते हे विकर एकाच घावात करते. कॅपा-केसीनचा रेणू १६९ अमिनो आम्लांची माळ आहे. कायमोसिन ती १०५ आणि १०६ या क्रमांकांच्या मध्ये, आणि केवळ तेथेच, तोडते. पाण्यात बाहेर आलेले चौसष्ट मण्यांचे शेपूट गळून पडते, त्याबरोबर ऋण भार जातो, आणि उघडे पडलेले पुंज परस्परांना चिकटू लागतात. या दुधाला आंबटपणाचा स्पर्शही झालेला नसतो. वासराला याचा उपयोग उघड आहे: पातळ दूध पोटातून पाण्यासारखे भरभर वाहून जाईल, तेच जठरात घट्ट झाले म्हणजे रेंगाळते आणि त्याचे पचन सावकाश होते. युरोपातील चीज करणाऱ्यांनी या विकराचा उपयोग शतकानुशतके केला. १८७४ साली डेन्मार्कमध्ये क्रिस्तियन हान्सेनने ते प्रमाणित शक्तीचे करून विक्रीस आणले, आणि अशा अर्काचा एक भाग दहा-पंधरा हजार भाग दुधाला पुरतो. आपल्याकडे वासराचे जठर वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, म्हणून दुधाचे घट्ट पदार्थ आम्लाच्या नाहीतर आटवण्याच्या वाटेने गेले. कायमोसिनसारखे काम करणारी विकरे वनस्पतींतही सापडतात. अंजिराच्या चिकाने दूध घट्ट करण्याची रीत ग्रीसमध्ये फार प्राचीन आहे.

या अंजिराच्या चिकाची एक मौज आहे. होमरच्या ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात युद्धदेव आरीस जखमी होतो, आणि देवांचा वैद्य त्याची जखम बरी करतो तेव्हा ती किती त्वरेने मिटली हे सांगण्यासाठी कवी दाखला देतो तो अंजिराच्या चिकाने दाटून येणाऱ्या दुधाचा. कवीला फक्त वेगाची उपमा हवी होती. परंतु जखमेतून वाहणारे रक्त थांबणे आणि विकराने दूध घट्ट होणे या दोन घटनांत खरोखरीचे नाते आहे, हे निघायला अडीच हजारांहून अधिक वर्षे जावी लागली.

रक्तातील जाळी पहिल्यांदा पाहिली ती इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी याने, सतराव्या शतकात. त्याने साखळलेल्या रक्ताची गुठळी पाण्याने धुतली, तांबडा रंग निघून गेला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या तंतूंचे विणकाम उरले. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधील विल्यम ह्यूसनने दाखविले, की गोठण्याचा गुण रक्तातील तांबड्या पेशींत नसून त्या ज्यात तरंगतात त्या पिवळसर द्रवात आहे. या द्रवाच्या एका लिटरमध्ये फायब्रिनोजेन हे प्रथिन असते अवघे दोन ते चार ग्रॅम. दह्याला शंभरांत पावणेतीन भाग लागतात, चायना ग्रासला दीड. रक्ताचे काम हजारांत तीन भागांवर चालते. काटकसरीचा याहून मोठा नमुना मला तरी माहीत नाही.

फायब्रिनोजेनचा रेणू लांबट असून त्याच्या मध्यभागी काही लहान तुकडे असे बसविलेले असतात, की त्यांच्या आड रेणूची चिकटण्याची जागा झाकली जावी. या तुकड्यांवरही ऋण भार असतो. थ्रॉम्बिन नावाचे विकर हे तुकडे, सोळा आणि चौदा अमिनो आम्लांच्या लांबीचे, छाटून टाकते. उघड्या पडलेल्या जागी शेजारच्या रेणूचे टोक येऊन बसते, त्याच्या जागी त्याच्या शेजाऱ्याचे, आणि पाहता पाहता फायब्रिनचे तंतू तयार होतात. कायमोसिन शेपूट तोडते, थ्रॉम्बिन झाकण तोडते. दोन्हीकडे प्रथिनाला नवे काही शिकवावे लागत नाही. जे त्याला पहिल्यापासून येत होते त्याची फक्त मुभा मिळते. आणखी एक साम्य मॉरिस आर्थस आणि त्याचा सहकारी पाजेस यांनी १८९० साली उजेडात आणले. कॅल्शियम काढून घेतले तर रक्त साखळत नाही, आणि पाचकरस घातलेले दूधही घट्ट होत नाही. एकाच वर्षी त्यांनी दोन्ही द्रवांवर हा प्रयोग करून पाहिला. रक्तदानाची सारी व्यवस्था पुढे या एका निरीक्षणावर उभी राहिली. १९१४ साली ब्रुसेल्समध्ये अल्बेर उस्तँ आणि ब्युनोस आयरिसमध्ये लुइस आगोते यांनी, परस्परांच्या नकळत, रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून ते दुसऱ्याच्या शिरेत सोडले. सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवते, आणि बाटलीतील रक्त पातळ राहते. लिंबाच्या आम्लाने दूध नासते आणि त्याच आम्लाच्या क्षाराने रक्त टिकते, हा योगायोग रसायनाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

थ्रॉम्बिन शरीरात तयार स्थितीत ठेवणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात उघडी मशाल ठेवण्यासारखे झाले असते. म्हणून ते निष्क्रिय रूपात असते, त्याला जागे करणारे विकरही निष्क्रिय असते, आणि त्याच्याही मागे आणखी निष्क्रिय विकरांची उतरंड असते. एक जागे झाले की ते पुढच्या अनेकांना जागे करते, त्यातले प्रत्येक आणखी अनेकांना, आणि अशा रीतीने सुईच्या टोकाएवढ्या इजेची वार्ता काही मिनिटांत जखमेचे तोंड बुजविण्याइतकी मोठी होते. रॉबर्ट मॅकफार्लेनने १९६४ साली या उतरंडीची सुसंगत मांडणी केली. जखमेपासून दूर मात्र हे लोण पोहोचू नये म्हणून रक्तात थ्रॉम्बिनला निकामी करणारी प्रथिनेही फिरत असतात, आणि झालेली गुठळी काम संपल्यावर विरघळविणारे विकरही असते. गोठविणारे आणि गोठू न देणारे अशी दोन्ही खाती एकाच वाहत्या द्रवात सतत चालू असतात. त्यांचा तोल एका बाजूला ढळला तर रक्तस्राव, दुसऱ्या बाजूला ढळला तर हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी. सुश्रुताने जिच्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला ती जळू हा तोल आपल्या पथ्यावर पाडून घेते: तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य आहे, हे जॉन हेक्राफ्टने १८८४ साली दाखविले. जळू निघून गेल्यावरही जखम बराच वेळ पाझरत राहते ती यामुळेच.

जळू रक्त गोठू देत नाही; घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा अगदी उलट, आणि तरी परिणाम बव्हंशी तोच. घोणसाच्या विषात उतरंडीच्या मधल्या पायरीवरील, दहावा घटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकराला थेट जागे करणारे विकर असते. कोकणातील कातळावर आणि दगडांच्या आडोशाला राहणाऱ्या फुरशाच्या विषात त्याहून एक पायरी पुढचे, थ्रॉम्बिनच्या पूर्वरूपालाच जागे करणारे. वरच्या सर्व अंमलदारांना डावलून खालच्या शिपायाला परस्पर हुकूम मिळावा तसा हा प्रकार आहे. विष रक्तात भिनले की जखम नसताना, गरज नसताना, सर्वत्र फायब्रिनचे सूक्ष्म तंतू बनू लागतात. शरीराची विरघळविणारी यंत्रणा ते तितक्याच तत्परतेने विरघळवीत जाते. आणि या निरर्थक उलाढालीत लिटरमागे दोन-चार ग्रॅमांची ती शिल्लक थोड्या वेळात संपते. मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, लघवीवाटे रक्त जाऊ लागते, आणि ते थांबविण्यासाठी ज्याची जाळी विणावी असे काही रक्तात उरलेलेच नसते. रक्त गोठविणाऱ्या विषाने माणूस रक्तस्रावाने मरतो, हे कोडे एवढ्यासाठीच कोडे वाटते, की साठा किती तोकडा आहे याचा आपल्याला विसर पडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या पॅट्रिक रसेलने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, आणि घोणसाच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव राहिले. याच सापाच्या विषाचा उपयोग मॅकफार्लेनने, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांच्यासह, १९३४ साली हिमोफिलियाच्या रोग्यांसाठी करून पाहिला. या रोग्यांच्या उतरंडीतील एक वरची पायरी जन्मतः गळालेली असते. अतिशय पातळ केलेले विष जखमेवर लावले, की ती पायरी ओलांडून गोठण्याची क्रिया परस्पर सुरू होते. जे द्रव्य शिरेत गेले असता जीव घेते तेच त्वचेवर थेंबभर लावले असता रक्त थांबविते, याला विषवैद्यांनी नवल मानले नसते; पण ते कोणत्या पायरीवर काम करते हे शोधता शोधता निरोगी रक्ताच्या कारभाराचाही नकाशा हळूहळू पुरा झाला.

खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत या साऱ्या ज्ञानाचा उपयोग आज एका साध्या परीक्षेत होतो, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. सर्पदंश झालेल्या माणसाच्या शिरेतून सुमारे दोन मिलिलिटर रक्त काढून कोऱ्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालावयाचे, नळी उभी ठेवून २० मिनिटे तिला कोणी हात लावावयाचा नाही, आणि मग ती एकदा कलती करून पाहावयाची. रक्त साखळून जागीच राहिले तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे यांच्या जातीचे विष अंगात भिनले आहे, असा निष्कर्ष निघतो. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्श हाच उतरंडीची पहिली पायरी जागी करतो. प्लॅस्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुतलेल्या काचेत, निरोगी रक्तही वेळेवर साखळेल याची शाश्वती नाही, आणि निकाल फसतो.

रक्त वाहिले तर प्रतिविष दिले जाते. घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची विषे क्रमाक्रमाने टोचून त्यांच्या रक्तातून ते काढतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम केलेले आहे. परंतु प्रतिविष फक्त विषाला निष्प्रभ करते. खर्ची पडलेले फायब्रिनोजेन ते भरून देत नाही. ते नव्याने तयार करण्याचे काम यकृताचे, आणि रक्त पुन्हा साखळू शकेल इतका साठा जमवायला यकृताला साधारण सहा तास लागतात. म्हणून प्रतिविष दिल्यावर दर सहा तासांनी नव्या नळीत नवे रक्त घेऊन तीच २० मिनिटांची परीक्षा पुन्हा करतात, आणि ते रक्त अजूनही वाहत असेल तर प्रतिविषाचा दुसरा हप्ता देतात.